वार्धक्य आणि अंथरूण

मी इतिहास शिकवणारा माणूस. त्यामुळे माझे भाषण म्हटले की लढाया, तह आणि सनावळ्या आल्याच, असे तुम्ही धरून चालला असाल. सनावळ्या आजही आहेत. पण आजची लढाई आहे ती एका खाटेशी. म्हातारे माणूस एकदा अंथरुणाला लागले की ते पुन्हा उठायचे नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत असते. ही समजूत कोणी, केव्हा आणि कशी मोडून काढली, त्याची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

सुरुवात मात्र घरापासून करतो. मी पंधरा वर्षांचा असताना गावी आमच्या आजीला ताप आला. तोवर आजी पहाटे उठायची, तुळशीला पाणी घालायची, गोठ्यात एक फेरी मारायची, काठी टेकत टेकत मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायची. आठ-दहा दिवसांत ताप उतरला. पण घरात सगळ्यांनी एकच धोशा लावला, "आजी, आता निजून राहा. वय झालंय. काही लागलं तर आम्ही आहोत ना!" ताट खाटेवर, पाणी खाटेवर, सगळे खाटेवर. तिने उठू नये म्हणून तिची काठी मीच उचलून माळ्यावर टाकली. पंधरा दिवसांनी तिला उभे केले तर पाय लटपटू लागले. आम्ही म्हटले, बघा, अजून अशक्तपणा गेला नाही. आणि पुन्हा निजवले. महिन्याभराने माकडहाडापाशी जखम झाली. तिच्यावर हळद झाली, मलम झाले, पावडर झाली. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "म्हातारपण आहे, चालायचंच." चार महिन्यांनी आजी गेली.

आमच्या घरात आजीची आबाळ झाली, असे गावात कोणी म्हणणार नाही. माझी आई रात्र रात्र तिच्या उशाशी बसली होती. घरात माया होती, वेळ होता, माणसे होती. नव्हती ती फक्त माहिती. आणि ही माहिती तेव्हा जगात नव्हती असेही नाही. ती छापून पन्नास वर्षे होत आली होती. आमच्या माजघरापर्यंत तेवढी पोचली नव्हती. पुढे अभ्यासाच्या निमित्ताने ती माझ्या वाचनात आली, तेव्हा माळ्यावरची ती काठी मला आठवली. म्हणूनच हा विषय आज निवडला.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. इग्नाट्झ नॅशर नावाचे एक डॉक्टर तिथे होते. जन्म १८६३ सालचा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरी. पण वाढले न्यूयॉर्कमध्ये. त्यांच्या तरुणपणाची एक आठवण सांगतात. गोरगरिबांच्या आश्रमात वरिष्ठांबरोबर ते रुग्ण पाहत फिरत होते. एक म्हातारी लंगडत पुढे आली आणि आपले दुखणे सांगू लागली. नॅशर यांनी वरिष्ठांना विचारले, हिला झाले आहे तरी काय? उत्तर मिळाले, म्हातारपण. मग हिच्यासाठी करता काय येईल? उत्तर मिळाले, काही नाही.

आमच्या गावच्या डॉक्टरांचेच उत्तर की हो हे! पण नॅशर यांच्या मनाला ते लागून राहिले. लहान मुलांचे शरीर वेगळे, त्यांचे आजार वेगळे, म्हणून बालरोगांचे शास्त्र निघाले. तर मग म्हाताऱ्यांच्या आजारांचे वेगळे शास्त्र का नसावे? १९०९ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून या शास्त्राला नाव दिले, 'जेरियाट्रिक्स'. १९१४ साली त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : म्हातारपण ही अवस्था आहे, आजार नव्हे. म्हातारपणी आजार होतात ते निराळे, आणि त्यांवर उपाय करता येतात.

शिक्षक मित्रांसाठी इथे एक गंमत सांगून ठेवतो. या नावात ग्रीक भाषेतला 'गेरास' हा शब्द आहे. त्याचा अर्थ वार्धक्य. आपल्या 'जरा' या संस्कृत शब्दाचा तो सख्खा भाऊ. दोन्ही एकाच मुळापासून आलेले. आणि आपल्या आयुर्वेदाची जी आठ अंगे सांगतात, त्यांत 'जरा' हे एक स्वतंत्र अंग आहेच. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नव्हती. पण नुसता शब्द सापडला म्हणून माणूस खाटेवरून उठत नाही. तो उठवायला प्रत्यक्ष काम करणारे कोणीतरी लागते. ते काम झाले इंग्लंडमध्ये.

त्या वेळचे इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. साम्राज्य जगभर, आणि घरात म्हाताऱ्या गरिबांचे हाल. १८३४ साली तिथे गरिबांविषयी एक कायदा झाला. ज्याला पोटाला मिळत नाही त्याने 'वर्कहाऊस'मध्ये, म्हणजे सरकारी श्रमगृहात जावे, असे त्याचे धोरण. तिथले जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहून सुखाचे असता कामा नये, हे त्यामागचे तत्त्व. माणसांनी तिकडे फिरकू नये हाच हेतू! नवऱ्याला एकीकडे ठेवत, बायकोला दुसरीकडे. धडधाकट माणसे होता होईल तो तिकडे जातच ना. उरले कोण? म्हातारे, पांगळे, आजारी. श्रमगृहे हळूहळू म्हाताऱ्यांची कोठारे बनली.

पुढे १९०८ साली सत्तरीच्या पुढच्या गरीब वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. ज्याचे हातपाय चालत होते त्याची श्रमगृहातून सुटका झाली. पण जो खाटेला लागला होता, त्याला पाच शिलिंग काय कामाचे? तो तिथेच राहिला. १९२९ च्या कायद्याने ही श्रमगृहे आणि त्यांचे दवाखाने स्थानिक सरकारांच्या ताब्यात आले. खाते बदलले, पाटी बदलली. खाटा तशाच राहिल्या.

लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थ येथे वेस्ट मिडलसेक्स नावाचे रुग्णालय आहे. १९३५ साली शेजारच्या जुन्या श्रमगृहाचा दवाखाना या रुग्णालयात सामील झाला. तिथल्या रुग्णांची जबाबदारी एका डॉक्टरीणबाईंवर पडली. त्यांचे नाव मार्जरी वॉरेन. जन्म १८९७ सालचा, म्हणजे त्या वेळी वय अडतीस. वृद्धांच्या आजारांचे खास शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. घेणार कुठून? तसे शिक्षणच कुठे नव्हते.

वॉरेनबाईंपुढे म्हातारे आणि जुनाट आजाराचे असे ७१४ रुग्ण होते. लांबच लांब दालने, खाटेला खाट लागलेली. कित्येकजण वर्षानुवर्षे पडून. गुडघे आखडून पोटाशी गेलेले, पाठीला जखमा, अंथरूण ओले. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे कित्येकांना नेमका कोणता आजार आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते. 'जुनाट' असा एक शिक्का मारला की काम संपले.

वॉरेनबाईंनी काय केले? काही नवे औषध शोधले काय? मुळीच नाही. त्यांनी एकेका रुग्णाला तपासले. त्या ७१४ जणांना ७१४ माणसे म्हणून पाहिले. मग त्यांची वर्गवारी केली. चालू-फिरू कोण शकते? खाटेवर आहे, पण मलमूत्राचे भान कोणाला आहे? ते भान कोणाचे सुटले आहे? कोणाच्या बुद्धीला भ्रम झाला आहे? आपण शेतकरी मंडळी गोठ्यातली सगळी जनावरे एकाच दाव्याला बांधत नाही. दुभती वेगळी, गाभण वेगळी, आजारी वेगळी. पण इथे माणसे मात्र एकाच दाव्याला बांधलेली होती.

वर्गवारी झाल्यावर बाईंनी दालने सुधारली. उजळ रंग, चांगला उजेड, धरून चालायला कठडे. माणसांना उठवले, बसवले, कपडे घालायला लावले. ज्याचे एक अंग लुळे पडले होते, त्यालाही धरून पावले टाकायला शिकवले. यात डॉक्टर एकटा पुरत नाही, हेही त्यांनी ओळखले. परिचारिका हवी, व्यायाम करवून घेणारा हवा, घरची परिस्थिती पाहणारा समाजसेवक हवा आणि रुग्णाची स्वतःची इच्छाही हवी. सगळ्यांनी मिळून एकाच माणसाचा विचार करायचा, ही पद्धत त्यांनी घालून दिली.

परिणाम काय झाला? जी माणसे मरेपर्यंत तिथेच राहायची म्हणून आणली होती, त्यांतली कितीतरी उठून घरी गेली, किंवा साध्या निवासात राहू लागली. पुढे पुढे ७१४ खाटांचे काम २४० खाटांवर भागू लागले. उरलेल्या खाटा दुसऱ्या रुग्णांना मिळाल्या. श्रोतेहो, या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. इतकी वर्षे ज्याला आपण म्हातारपण म्हणत होतो, त्यातला मोठा भाग म्हातारपण नव्हताच. तो होता न तपासलेला आजार, आणि त्याच्यावर चढलेला अंथरुणाचा थर.

१९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, वॉरेनबाईंनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपला अनुभव मांडला. १९४६ साली लॅन्सेट या पत्रात पुन्हा लिहिले. त्यांचा आग्रह असा की वृद्धांचा विभाग मोठ्या रुग्णालयातच असावा, कुठे कोपऱ्यात नसावा. आणि वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी व परिचारिकांनी तिथे येऊन शिकावे. म्हाताऱ्यांची सेवा ही शिकण्याची आणि शिकवण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. मला विचाराल तर बाईंचे सगळ्यांत मोठे काम हेच.

१९४७ साली लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. लेख छोटा, पण डोक्यात झणझणीत अंजन घालणारा. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठते, फुप्फुसांत कफ साठतो, हाडांतला चुना कमी होतो, स्नायू वाळतात, पाठीला जखमा होतात, आतडी सुस्तावतात, आणि हळूहळू माणसाची उठण्याची इच्छाच मरते. पुढच्या काळात हे मोजूनही पाहिले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणातच ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. निरोगी माणसांचे, बरे का! दहाच दिवसांत! आमच्या आजीचे पाय का लटपटत होते, ते आता सांगायला नको.

१९४७ सालीच वृद्धांच्या सेवेसाठी झटणाऱ्या इंग्रज डॉक्टरांनी आपली एक संस्था काढली. १९४८ साली तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि वॉरेनबाईंची पद्धत देशभर पसरायला वाट मिळाली. १९६० साली बाई वारल्या. त्यांच्यामागे पाचच वर्षांनी, १९६५ साली, ग्लासगो विद्यापीठाने वृद्धांच्या वैद्यकाचे प्राध्यापकपद निर्माण केले. जगातले या विषयाचे ते पहिले प्राध्यापकपद.

आता एका परिचारिकेची गोष्ट. डॉक्टरांची नावे इतिहासात राहतात, परिचारिकांची फारशी राहत नाहीत, म्हणून ती मुद्दाम सांगतो. नाव डोरीन नॉर्टन. अंथरुणातल्या जखमा का होतात आणि कशाने थांबतात, याचा दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. तोवर प्रत्येक दवाखान्याचे आपले एक मलम असे, आपली एक पावडर असे. नॉर्टनबाईंना काय आढळले? मलमाला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते अंगावरचा दाब वेळच्या वेळी हलवण्याला, म्हणजे कूस बदलण्याला.

त्यांनी एक साधे कोष्टकही तयार केले. पाच गोष्टी पाहायच्या : शरीराची प्रकृती, मनाची शुद्ध, चालणे-फिरणे, अंथरुणातल्या अंथरुणात हालचाल, आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकाला एक ते चार गुण. एकूण वीस. चौदा किंवा त्याहून कमी भरले तर समजावे, या माणसाला जखमा होण्याचा धोका आहे. गुरुजी मंडळी, हा गुणांचा तक्ता तुमच्या ओळखीचाच आहे. फक्त इथे नापास होऊ लागलेल्याला आधी मदत करायची आहे.

हे झाले परदेशचे. आपल्याकडे काय घडले? मद्रासच्या सरकारी सार्वजनिक रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९९६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा संसदेने केला. मुले पाहत नसतील तर म्हाताऱ्या आईबापांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा विभाग असावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी व्हावी, अशी त्यात योजना आहे. आपल्या गावाच्या केंद्रात तो वार कोणता, हे विचारण्याचा हक्क तुम्हांला आहे. विचारा. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे. तो लिहून भिंतीला चिकटवून ठेवा.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींवर होती. महाराष्ट्रात शंभरात सुमारे दहाजण. यांतली बहुतेक माणसे घरीच म्हातारी होतात आणि घरीच आजारी पडतात. त्यांची परिचारिका म्हणजे सून, लेक, बायको, कधी शाळेतून आलेला नातू. कायदा मुलाकडून पैसे मिळवून देईल. पण कूस कशी बदलावी हे कायदा शिकवणार नाही. ते कोणीतरी शिकवावे लागते.

म्हणून इतिहासाची ही शिदोरी तुमच्या हवाली करतो. ताप उतरला, दुखणे ओसरले, की डॉक्टरांना विचारा, "आता यांना बसवू का? चालवू का?" आपण होऊन हा प्रश्न विचारायला शिका. हाड मोडलेले असताना, अंगात ताप असताना विश्रांती हवीच. पण अंथरूण औषधासारखे मापातच द्यावे. जेवण शक्यतो बसून. पडूनच राहावे लागत असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला. टाचा, माकडहाड, खुबे रोज उजेडात पाहा. लाल झालेली जागा चोळू नका; तिच्यावरचा भार काढा. आणि कोणी "वय झालं" असे उत्तर दिले, तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा विचारा, "वय झालं हे खरं; पण आजार कोणता?"

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक काम सुचवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली वृद्धांच्या देखभालीचे एक हस्तपुस्तक काढले. त्यातल्या तपासण्या इतक्या सोप्या आहेत की नववी-दहावीची मुलेसुद्धा घरी करून पाहू शकतील. आजोबांनी हाताची घडी छातीशी घालून, आधार न घेता, खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठायचे आणि बसायचे. चौदा सेकंदांत जमले तर ठीक. तीन शब्द सांगायचे, फूल, दार, तांदूळ. आणि थोड्या वेळाने विचारायचे. तीन महिन्यांत वजन तीन किलोंहून जास्त घटले का, ते पाहायचे. यांत कुठे अडले, तर आरोग्य केंद्रात दाखवायचे. खुर्चीजवळ मुलाने धरायला उभे राहायचे, एवढी काळजी मात्र घ्यायची. नागरिकशास्त्राच्या तासाला दहा मिनिटे काढलीत, तर ही माहिती गावातल्या घराघरांत पोचेल.

मी पंधरा वर्षांचा होतो, तेव्हा माझ्या वर्गात हे कोणी सांगितले असते तर आजी किती वर्षे जगली असती, ते मी सांगू शकत नाही. पण तिची काठी मी माळ्यावर टाकली नसती, एवढे नक्की. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस दुखण्यातून उठत असेल, तर त्याची काठी त्याच्या हाताशी ठेवा, आणि दारापर्यंत त्याच्याबरोबर चाला.